माप

सुलैबियाचा तुरुंग, वॉर्ड तीन, सकाळचे साडेसहा.
सात भाषांत मी एकच वाक्य बोलते:
जीभ वर करा.
गोळी विरघळेपर्यंत समोर बसून राहायचं.
गिळू द्यायची नाही, थुंकू द्यायची नाही,
गालात दडवून दुपारी विकू द्यायची नाही.
मिरजेला नर्सिंग शिकताना कुणी सांगितलं नव्हतं,
परक्या माणसांच्या जिभांची खालची बाजू
त्यांच्या चेहऱ्यांआधी ओळखीची होईल म्हणून.

दारावर वकील असतो.
इथे वकील म्हणजे हवालदार.
पहिल्या महिन्यात मला केवढं बरं वाटलं होतं.

अकरा नंबर: हिदायत परकार, मुक्काम हर्णै, शिंपी.
फरवानियाच्या गल्लीत, ईदच्या आधी,
रात्रीला चौदा दिशदाशे.
पाठ धरली तेव्हा मालकानंच पहिली कॅप्सूल दिली,
चहाबरोबर, फुकट.
पुढच्या ईदला तिचे पैसे पगारातून कापले.
त्याच्या पुढच्या ईदला कॅप्सूल पुरेना.
हे सगळं फाइलमध्ये आहे.
मला तो एवढंच म्हणाला, पहिल्या आठवड्यात,
बादलीवरून तोंड उचलून,
"सिस्टर, तुमची डावी बाही
अर्ध्या इंचानं आखूड आहे."

त्या रात्री हाडांतले टाके
कुणीतरी उसवत होतं, म्हणाला.
फवाजनं डोकं धरून ठेवलं,
वीस वर्षांचा फवाज,
ज्याच्या नावाचा कागद कुठल्याच देशाकडे नाही.

तिसऱ्या महिन्यात हिदायतनं टेप मागितला.
नाही मिळणार.
नाडी, पट्टा, दोरी, टेप,
गळ्याभोवती जाईल असं काही आत येत नाही.
मग त्याच्याच ईसीजीची पट्टी उरली,
गुलाबी, मिलिमीटरचे चौकोन.
त्यानं नखानं मोजलं: पंचवीस आणि जरासं, म्हणजे इंच.
पेन्सिलीनं आकडे घातले ठोक्यांच्या मधूनमधून
आणि वॉर्डात मापं घेत हिंडला.
फवाजचे खांदे. माझं मनगट.
वकीलसुद्धा एकदा हनुवटी वर करून
शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

गोळी कमी करत करत मे महिन्यात संपली.
जूनमध्ये हुकूम आला: उरलेली शिक्षा माफ, रवानगी.
सगळ्यांनी पाठ थोपटली.
मी त्याला औषधांच्या कपाटाशी बोलावलं.
म्हटलं, नीट ऐक.
घेणारच नाहीस, असं आत्ता म्हणशील. म्हण.
पण कधी घेतलीसच, तर जुनं माप तुझं नाही आता.
तेवढीच घेशील
तर त्याच रात्री श्वास थांबेल.
"आटलंय म्हणता? धुतलेल्या कापडासारखं?"
हो.
"मग पाण्यातून काढून ठेवायचं होतं आधी.
मालकाला तेवढं कळत होतं, कापडाचं."

रात्री चिठ्ठी लिहिली, दापोलीच्या डॉक्टरांना.
तिथे असा डॉक्टर आहे का, ठाऊक नाही.
वर लिहिलं: जे कुणी असतील त्यांस.
चार वर्षांनी हातानं मराठी लिहीत होते,
वेलांट्या चुकल्या असतील.
"ह्याला एकटं झोपू देऊ नका" हे वाक्य
दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

फाटकाशी झडती.
खिसा उलटा केला, पट्टी निघाली.
हे काय? वकिलानं विचारलं.
हृदयाचा रिपोर्ट, मी म्हटलं. खोटं नव्हतं.
त्यानं ती दिव्याखाली धरली,
आकड्यांवरून बोट फिरवत नेलं,
एका जागी थांबला.
तिथे अरबीत लिहिलं होतं: मान, साडेसोळा.
घडी घालून त्यानं ती परत खिशात ठेवली
आणि वरून खिसा दाबला.

विमान पहाटे दोनचं.
साडेसहाला अकरा नंबरच्या खाटेवर नवा माणूस,
अंगावर काटा, नाक गळतंय.
कुठून आलाय, कुणालाच माहीत नाही.
सातही भाषा करून पाहिल्या.
मग त्याच्यासमोर उकिडवी बसले, तोंड उघडलं
आणि माझीच जीभ वर करून दाखवली.